एका दिवसात २,२२२

सोलापूरपासून सरळ रेषेत पाचेकशे किलोमीटरवर, आंध्रच्या किनारपट्टीलगत ओंगोल हे गाव आहे. शेतकऱ्यांना ते तिथल्या उंचापुऱ्या पांढऱ्या बैलांमुळे ठाऊक असतं. ख्रिस्ती धर्माच्या जगाच्या इतिहासात मात्र ते एका आकड्यामुळे नोंदलं गेलं.

३ जुलै १८७८. ओंगोलपासून दहा मैलांवर, वेलंपिल्ली नावाच्या खेड्याजवळ गुंडलकम्मा नदीच्या पात्रात दोन तेलुगू उपदेशक उभे राहिले. काठावरून एकेक जण उतरायचा, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले जायचे, माणूस पूर्ण पाण्याखाली जायचा आणि निथळत वर यायचा. मग पुढचा. दोघं थकले की त्यांच्या जागी दुसरे दोघं. असे सहा जण आळीपाळीनं. दुपारच्या उन्हात काम थांबलं, मग पुन्हा सुरू झालं आणि दिवस कलला तेव्हा मोजणी २,२२२ वर पोचली होती. आदल्या दिवशी ६१४ झाले होते, दुसऱ्या दिवशी ७०० झाले. तीन दिवसांची बेरीज ३,५३६.

हिशेब मांडून बघा. काम आठ-नऊ तास चाललं असं धरलं, तर पाण्यातल्या दोघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ताशी सव्वाशे ते एकशे चाळीस माणसं येतात. म्हणजे एका माणसाला जेमतेम अर्धा मिनिट. दोन-दोन फुटांवर उभं केलं तर या माणसांची रांग सव्वा किलोमीटरच्या पुढे जाते. सहा जणांत सारखी वाटणी केली तरी एकेकानं ३७० माणसांना पाण्यात झुकवून पुन्हा वर उचललं. ही माणसं नुकतीच दुष्काळातून उठलेली होती, त्यामुळे उचलायला हलकी असणार, हेही या हिशेबात धरावं लागतं.

या आकड्यानं ओंगोलच्या बाहेर एक जुना वाद पेटवला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये सुमारे तीन हजार लोक मंडळीत आल्याची नोंद आहे. बाप्टिस्ट पंथाचा आग्रह असा, की बाप्तिस्मा जाणत्या वयातच आणि पूर्ण बुडवूनच द्यायचा. लहान बाळांच्या डोक्यावर पाणी शिंपडणाऱ्या पंथांचे पंडित त्यांना डिवचायचे, की मग तीन हजार माणसं एका दिवसात बुडवली कशी? (सोलापुरात १८६० च्या दशकात आलेलं अमेरिकन मराठी मिशन याच शिंपडणाऱ्यांपैकी.) गुंडलकम्मानंतर बाप्टिस्टांना उत्तर मिळालं. एका वेळी फक्त दोन माणसं पाण्यात उभी राहून दोन हजारांच्या वर काम झालं असेल, तर बारा प्रेषितांना तीन हजार म्हणजे सकाळचं काम. धर्मशास्त्राचा वाद त्रैराशिकानं मिटवण्याची अशी उदाहरणं फार नसतील.

हा दिवस ज्यांच्या नावावर जमा आहे ते जॉन एव्हरेट क्लफ. १८३६ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मले. तरुणपणी मिनेसोटाच्या निर्जन मुलखात सरकारी मोजणी पथकाबरोबर साखळी ओढली, जमिनीची मापं घेतली. धर्माबद्दल तेव्हा त्यांना फारसं प्रेम नव्हतं. ते आलं आयोवातल्या कॉलेजात, आणि आलं ते कायमचं. १८६४ च्या नोव्हेंबरात बोस्टनहून जहाजात बसले, १८६५ च्या एप्रिलमध्ये मद्रासला उतरले. तो मोजणीचा अनुभव पुढे बायबलइतकाच कामी येणार होता.

ते ज्या तेलुगू मिशनमध्ये दाखल झाले त्याचा आकडा जवळजवळ शून्य होता. बाप्टिस्ट मिशनऱ्यांना शून्याची सवय होती म्हणा. मराठीचं व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली छापणारे विल्यम केरी बाप्टिस्टच. बंगालात पहिला माणूस मिळायला त्यांना सात वर्षं लागली. ब्रह्मदेशात जडसन यांना सहा वर्षं लागली. तेलुगू मिशन १८३६ साली सुरू झालं आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं हाताला लागलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी राहिली. १८५३ साली मिशन मंडळाच्या अमेरिकेतल्या सभेत ते बंद करण्याची चर्चा झाली. नकाशावर हे ठाणं एकट्या ताऱ्यासारखं दिसत होतं. सॅम्युएल स्मिथ या कवीनं त्याच रात्री ‘लोन स्टार’ नावाची कविता लिहिली आणि मिशन वाचलं. १८६२ साली पुन्हा तोच प्रश्न आला. तेव्हा नेल्लोरचे मिशनरी लायमन ज्युएट म्हणाले, तुम्ही बंद करा, मी तिथं जगायला आणि मरायला परत जाणार. त्यावर मंडळाचे चिटणीस म्हणाल्याचं सांगतात, की मग निदान तुमच्या मूठमातीला तरी कुणीतरी पाठवायला हवं. ज्युएट यांच्याबरोबर त्याच जहाजातून क्लफ आले ते असे.

१ जानेवारी १८६७ ला ओंगोलची मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन झाली. सभासद आठ.

आठावरून आकडा वाढायला लागला तो एका चामड्याच्या व्यापाऱ्यामुळे. त्यांचं नाव येर्रगुंटला पेरय्या. जात मादिगा. तेलुगू मुलखातल्या बलुतेदारीत मेलेलं जनावर ओढणं, कातडं कमावणं, वहाणा आणि मोटा शिवणं, जत्रेत डफ वाजवणं ही कामं मादिगांकडे. आपल्याकडचे चांभार, ढोर आणि मांग या तिघांची कामं एकत्र केली तर मादिगांच्या वाट्याचं ओझं कळेल. पेरय्या कातड्यांच्या सौद्यासाठी गावोगाव हिंडत. योगमार्गातल्या गुरूंकडे बसलेले होते, माणसं त्यांचं ऐकत. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, नागम्मानं, १८६६ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर कातड्याच्या व्यापाराच्या वाटा हीच प्रचाराची वाट झाली. १८६७ च्या जानेवारीत त्यांच्या तळकोंडपाडू या गावी क्लफ गेले, तेव्हा तिथं २८ जण तयार बसले होते.

इथं क्लफ यांच्यापुढे पेच आला. ओंगोलमधले ब्राह्मण आणि कोमटी त्यांच्या शाळेकडे, सभांकडे वळू लागले होते. मादिगांना घेतलंत तर आम्ही येणार नाही, असा त्यांचा सांगावा आला. क्लफ सांगत, की त्या संध्याकाळी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं, एकमेकांना न सांगता, बायबलचं एकच पान उघडलं: देवानं जगातल्या दुबळ्यांना निवडलं असं सांगणारं पौलाचं पत्र. यात चमत्कार मानायचा की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. निर्णय मात्र व्यवहारालाही धरून होता. वरच्या जातींतून वर्षाला दोन-चार माणसं आली असती. मादिगांत एक माणूस आला की त्याच्या मागे अख्खं गोत येत होतं.

आत येणाऱ्याला तीन गोष्टी सांगितल्या जात. रविवारी काम करायचं नाही. मूर्तीची पूजा करायची नाही. मेलेल्या जनावराचं मांस खायचं नाही. तिसरी अट वाचताना मराठी वाचकाला महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच सांगितलं होतं, आणि ते ओंगोलच्या साठ वर्षांनंतर. परिणामही सारखेच झाले. मादिगांनी जत्रेत डफ वाजवायचं नाकारलं, रविवारी शेतावर यायचं नाकारलं. मग गावांनी त्यांचं पाणी तोडलं, काम तोडलं, खोट्या फिर्यादी केल्या. आकड्यांच्या वह्यांत ही किंमत लिहिलेली नसते.

दहा वर्षांत आठाचे तीन हजारांच्या वर झाले. मग पाऊस गेला.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्यावर एकाच वेळी कोसळला. १८८० च्या दुष्काळ आयोगानं एकट्या ब्रिटिश मुलखातले बळी सुमारे ५२ लाख धरले. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. गंमत अशी, की त्याच १८७७ साली सोलापुरात जुनी मिल सुरू झाली. शहराच्या भरभराटीचं आणि जिल्ह्याच्या उपासमारीचं वर्ष एकच. दुष्काळी कामावरची मजुरी सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी बसवली होती: दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आणि त्यावर दिवसभर माती उपसायची. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याविरुद्ध १८७७ च्या सुरुवातीला संप केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात ज्यांनी खडी फोडली त्यांच्या घरी हजेरी, मुकादम आणि मापात मारलेली पाटी या गोष्टी अजून सांगितल्या जातात. १८७७ च्या कामांवर त्याहून वाईट होतं. मुकादम जातीचा वरचा आणि मजूर मादिगा असला, तर मजुराची मजुरी वाटेतच आटायची.

क्लफ यांनी इथं आपली मोजणीची विद्या बाहेर काढली. समुद्राला समांतर जाणारा बकिंगहॅम कालवा सरकार दुष्काळी कामातून खोदून घेत होतं. त्याच्या साडेतीन मैलांचं कंत्राट त्यांनी घेतलं. आपल्या तीसेक उपदेशकांना मुकादम केलं आणि एकेकाच्या हाताखाली सुमारे शंभर माणसं दिली. म्हणजे एका वेळी तीन हजार कुदळी-फावडी-पाट्या. साडेतीन मैल म्हणजे १८,४८० फूट. माणशी सहा फूट कालवा. पण हे तीन हजार तेच राहत नव्हते. काही दिवस काम करून एक गाव जायचं, दुसरं यायचं. मजुरी पूर्ण हातात पडते ही बातमी पसरली, तशी दूरदूरची गावं लोटली. दुपारच्या सुट्टीत मुकादम पुन्हा उपदेशक व्हायचे. ओळखीच्या जातीचा, ओळखीच्या बोलीचा माणूस आधी मजुरी चोख देतो आणि मग देवाची गोष्ट सांगतो. असा प्रचार कुठल्या मिशनच्या योजनेत लिहिलेला नव्हता.

आता मला या सगळ्या हकिकतीतला सर्वांत थक्क करणारा वाटतो तो आकडा. तो २,२२२ नाही, तो शून्य आहे. १८७७ च्या मार्चपासून १८७८ च्या जूनपर्यंत, पंधरा महिने, क्लफ यांनी एकाही माणसाला बाप्तिस्मा दिला नाही. माणसं मागत होती, झुंडीनं मागत होती. त्यांनी नाही म्हटलं. कारण साधं होतं: ज्याच्या हातात धान्य आणि मजुरी आहे त्यानं त्याच काळात धर्म वाटला, तर लोक पोटासाठी बाटले असंच जग म्हणणार, आणि काही अंशी ते खरंही असणार. आपल्याकडे वसईत, गोव्यात विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. क्लफ यांना ती ठाऊक असण्याचं कारण नाही, पण तसला आरोप कसा चिकटतो हे त्यांना नीट कळलं होतं.

पाऊस आला, पिकं उभी राहिली, मदतीचे शेवटचे पैसे वाटून झाले. मग जूनच्या मध्याला त्यांनी दार उघडलं. आता देण्यासारखं काही नाही असं सांगूनही माणसं हटली नाहीत. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ९,६०६ जणांचा बाप्तिस्मा झाला. वर्षअखेरीला ओंगोलच्या मंडळीची संख्या १२,८०४ होती. बारा वर्षांपूर्वी आठ. म्हणजे सोळाशे पट.

पंधरा महिने अडवल्यामुळे आरोप पुरता फिटला का? माझ्या मते नाही. दुष्काळात ज्यानं जगवलं त्याच्याकडे माणूस ओढला जातो, धान्य संपल्यावरही. त्यात लाजेचं काही नाही. उलट विचारायला हवं ते हे, की त्याच दुष्काळात ज्या गावांनी या माणसांकडून हजारो वर्षं कातडी ओढून घेतली, त्यांपैकी किती जण त्यांच्या वस्तीत भाकरी घेऊन गेले?

पुढची काही वर्षं आकडा वाढतच गेला आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला वीस हजारांच्या पुढे गेला. जगातली सर्वांत मोठी बाप्टिस्ट मंडळी म्हणून ओंगोलचं नाव युरोप-अमेरिकेत घेतलं जाऊ लागलं. किती मोठी, याला त्या काळचं माप लावू. बाप्टिस्ट जगातला सर्वांत गाजलेला उपदेशक लंडनचा चार्ल्स स्पर्जन. ७ ऑक्टोबर १८५७ रोजी, हिंदुस्थानातल्या उठावामुळे पाळलेल्या राष्ट्रीय उपवासाच्या दिवशी, त्यानं क्रिस्टल पॅलेसमध्ये ध्वनिवर्धकाशिवाय २३,६५४ लोकांपुढे प्रवचन केलं. त्याचं मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल पाच-सहा हजार माणसं बसतील एवढं. अडतीस वर्षांच्या सेवेत त्याच्या मंडळीत चौदा हजारांच्या वर लोक दाखल झाले, अखेरीला पटावर पाच हजार तीनशेच्या आसपास होते. लंडन तेव्हा जगातलं सर्वांत मोठं शहर. ओंगोलची मंडळी स्पर्जनच्या मंडळीच्या जवळजवळ चौपट. सोलापूरशी ताडून बघायचं तर १८८१ साली सोलापूर शहर साठ हजारांच्या आसपास होतं. म्हणजे मंगळवार पेठेपासून छावणीपर्यंतच्या सोलापूरकरांत दर तिसरा माणूस एकाच चर्चच्या पटावर, असं काहीसं.

पण इथं पाठ थोपटण्याआधी थोडं थांबायला हवं. स्पर्जनचे पाच हजार एका छपराखाली बसत. ओंगोलचे वीस हजार कधीच बसले नाहीत. ते गावकुसाबाहेरच्या मादिगा वस्त्यांत विखुरलेले होते, चिंचेखाली आणि कुडाच्या शाळांत जमत. नाव मात्र सगळ्यांचं ओंगोलच्या एकाच वहीत. बाप्टिस्टांच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र असायला हवी. तशी नोंद केली असती तर जगातली सर्वांत मोठी मंडळी त्याच दिवशी शेकडो लहान मंडळ्यांत विरघळली असती. विक्रमाचा बराचसा भाग हा वहीखात्याचा होता. १८८३ साली ती वही अखेर वाटून टाकावी लागली. एका पाळकाला वीस हजार सभासदांच्या लग्नाची, मर्तिकाची आणि भांडणाची खबर ठेवणं शक्य नव्हतं, हे उशिरा का होईना मान्य झालं.

लाट मात्र तिथं थांबली नाही. २८ डिसेंबर १८९० रोजी ओंगोलमध्येच पुन्हा एका दिवसात १,६७१ जणांचे बाप्तिस्मे झाले. क्लफ १९१० च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला वारले. त्यांचं आत्मचरित्र त्यांच्या दुसऱ्या पत्नी एमा राउशेनबुश क्लफ यांनी त्यांच्याकडून ऐकून लिहिलं, ते १९१४ साली निघालं. एमाबाईंचं त्याआधीचं पुस्तक मला जास्त मोलाचं वाटतं. १८९९ च्या त्या पुस्तकात त्यांनी पेरय्यांसारख्या मादिगांच्या तोंडच्या हकिकती टिपल्या आहेत. आकडे क्लफ यांच्या नावावर गेले, पण ते उभे केले ते गावोगाव चालत हिंडलेल्या या चामडे कमावणाऱ्यांनी. गुंडलकम्मात त्या दिवशी उतरलेले सहाही उपदेशक तेलुगू होते.

सोलापूरच्या वाचकाला आणखी एक धागा सांगायला हवा. १९३८ च्या जानेवारीत बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती बांधवांच्या सभेत बोलले. शिकलेला समाज असूनही तुम्ही आपल्या हक्कांसाठी राजकारणात उतरत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यानंतर अठरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी काही लाख अनुयायांसह धर्मांतर केलं, ते एका मैदानात, एकाच वेळी, एका आवाजात. ओंगोलला प्रत्येकाला वेगळं पाण्यात उतरावं लागलं होतं. दोन्हींकडे निघालेली माणसं एकाच उतरंडीतली होती आणि निघण्याचं कारणही एकच होतं.

पुढचा हिशेब कायद्यानं केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. आंध्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना मागासवर्गीयांच्या ‘क’ गटात घातलं आहे आणि त्या गटाला एक टक्का आरक्षण आहे. रविवारी प्रार्थनेला जाणारी अनेक कुटुंबं शाळेच्या दाखल्यावर हिंदू मादिगा असतात ती त्यामुळे. २०११ च्या जनगणनेत अखंड आंध्र प्रदेशातल्या ख्रिस्ती लोकांचं प्रमाण १.३४ टक्के निघालं. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना अनुसूचित जातीत घ्यावं का, हे तपासायला केंद्र सरकारनं २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.